४३ नंबरची गाडी आणि वाचता येणारी सही

या वेळच्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच माणसाबद्दल आली आहेत : अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींचे निवृत्त विजेते रिचर्ड पेटी. काहींना त्यांचे विक्रम समजून घ्यायचे आहेत, काहींकडे त्यांच्या सहीचं कार्ड आहे, काहीजण त्यांच्या ४३ नंबरच्या गाडीचं मॉडेल रंगवायला बसले आहेत. म्हणून हा पूर्ण स्तंभ त्यांनाच दिला आहे.

प्रश्न : पेटी यांना ‘किंग’ म्हणतात ते २०० विजयांमुळे. पण त्या काळी शर्यती जास्त आणि छोट्या असत, म्हणून हा आकडा फुगलेला आहे असंही वाचलं. खरं काय?

उत्तर : शर्यती जास्त होत्या, हे खरं. आकडा फुगलेला आहे, हे खरं नाही.

नॅसकार ही स्टॉक कार शर्यती भरवणारी अमेरिकेतली संस्था. तिच्या सर्वोच्च मालिकेत पेटी १,१८४ शर्यती धावले आणि त्यांतल्या २०० जिंकले. दुसऱ्या क्रमांकावर डेव्हिड पिअरसन आहेत, १०५ विजयांवर. १९७१ संपेपर्यंत पेटींच्या नावावर १४० विजय होते. त्या काळात एका हंगामात ४५ ते ५० शर्यती व्हायच्या. बऱ्याचशा अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर, काही मातीच्या ट्रॅकवर आणि आठवड्याच्या मधल्या रात्रीसुद्धा. १९७२पासून वेळापत्रक आटोपशीर झालं, छोट्या शर्यती गळल्या, आणि तो खेळाचा आधुनिक काळ मानला जातो. त्या आधुनिक काळातही पेटींनी ६० शर्यती जिंकल्या. पहिले १४० कोणी बाजूला ठेवले तरी उरलेल्या साठांवर एखाद्याची सबंध कारकीर्द उभी राहील.

आणि ते १४० बाजूला ठेवूही नयेत. आठवड्याला दोन शर्यती म्हणजे तीच गाडी रात्रीतून उघडायची, गिअर बदलायचे, स्प्रिंगा बदलायच्या आणि ट्रकमागे बांधून पुढच्या गावी न्यायची. चुलतभाऊ डेल इनमन मुख्य मेकॅनिक, भाऊ मॉरिस इंजिन बांधणारा, वडील ली पेटी मालक. ली स्वतः तीन वेळा विजेते होते आणि १९५९ची पहिली डेटोना ५००, म्हणजे या मालिकेतली सर्वांत मानाची ५०० मैलांची शर्यत, त्यांनीच जिंकली होती. हे घर अशा वेळापत्रकावर चालायचं. १९६७मध्ये ४८ शर्यतींपैकी २७ विजय, त्यांतले १० लागोपाठ. असा हंगाम तोवर कोणाचा झाला नव्हता, नंतरही झाला नाही.

आज हंगामात ३६ शर्यती असतात. दर वर्षी १० जिंकल्या तरी २००ला वीस वर्षं लागतील. सात अजिंक्यपदांची (१९६४, ६७, ७१, ७२, ७४, ७५, ७९) बरोबरी डेल अर्नहार्ट आणि जिमी जॉन्सन यांनी केली. सात डेटोना ५००ची आणि दोनशे विजयांची बरोबरी कोणी केलेली नाही.

प्रश्न : स्टॉक कार म्हणजे दुकानातली गाडी का?

उत्तर : सुरुवातीला होती. ‘स्टॉक’ म्हणजे विक्रेत्याकडे उभी असलेली, फेरफार न केलेली गाडी. साठच्या दशकापर्यंत आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा आला, सीट एकच राहिली, दारं वेल्डिंगने बंद झाली. चालक आजही खिडकीतूनच आत शिरतो. पुढे सांगाडा पूर्णपणे शर्यतीसाठी बांधला जाऊ लागला आणि दुकानातल्या गाडीशी नातं उरलं ते बाहेरच्या आकारापुरतं.

इंजिनाचा एक दाखला पेटींच्या कथेतलाच आहे. १९६४च्या डेटोना ५००ला क्रायस्लरने ४२६ घनइंचांचं, म्हणजे सुमारे ७ लिटरचं हेमी इंजिन आणलं. त्यात दहनकक्षाचं छत अर्धगोलाकार असतं, त्यामुळे व्हॉल्व्ह मोठे बसवता येतात आणि हवा सरळ वाटेने आत-बाहेर जाते. पेटींनी २०० फेऱ्यांपैकी १८४ फेऱ्या आघाडीवर राहून ती शर्यत जिंकली. पुढच्या वर्षी नॅसकारने हेमीवर बंदी घातली, क्रायस्लरने बहिष्कार टाकला आणि पेटी हंगामाचा बराच भाग ड्रॅग शर्यतींत, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या छोट्या शर्यतींत, धावले.

प्रश्न : १९८४मध्ये २०० वा विजय पिवळ्या झेंड्याखाली मिळाला. मग शेवटी चुरस कशी झाली? पिवळ्या झेंड्यात ओव्हरटेक करता येत नाही ना?

उत्तर : पिवळा झेंडा म्हणजे ट्रॅकवर धोका आहे, वेग कमी करा. त्यात आज ओव्हरटेक करता येत नाही, तेव्हाचा नियम वेगळा होता.

४ जुलै १९८४, डेटोना, फायरक्रॅकर ४००. अडीच मैलांच्या १६० फेऱ्या. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी इंजिनं सुरू करण्याची आज्ञा विमानातून फोनवर दिली आणि शर्यत चालू असताना ते ट्रॅकवर पोचले. दोन फेऱ्या उरल्या असताना एक गाडी आपटली आणि पिवळा झेंडा निघाला. तेव्हाच्या नियमानुसार क्रम गोठायचा तो झेंडा निघाल्या क्षणी नव्हे, तर गाड्या पुन्हा प्रारंभ-अंतिम रेषेवर आल्यावर. त्यामुळे पेटी आणि केल यारबरो यांना कळलं की रेषेपर्यंतची ही धाव हीच खरी शर्यत. उरलेल्या फेऱ्या पिवळ्याखालीच संपणार होत्या. दोघं दाराला दार घासत आले आणि पेटी जेमतेम मडगार्डभर पुढे निघाले.

हा नियम धोकादायक होता. अपघात झालेली गाडी ट्रॅकवर आडवी असताना बाकीचे पूर्ण वेगाने रेषेकडे धावायचे. २००३च्या सप्टेंबरमध्ये नॅसकारने तो बंद केला. पेटींची त्या ४ जुलैची पाँटिअॅक गाडी आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे.

प्रश्न : १९७६च्या डेटोना ५००मध्ये दोन्ही गाड्या आपटल्या, तरी पिअरसन रेषा ओलांडून गेले आणि पेटी अडकले. नशीब की कौशल्य?

उत्तर : पिअरसन यांचा डावा पाय.

शेवटच्या फेरीत पिअरसन पुढे गेले, तिसऱ्या वळणात पेटी आतून शिरले, चौथ्या वळणातून बाहेर पडताना पेटींची गाडी वर सरकली आणि दोघांचा स्पर्श झाला. दोन्ही गाड्या भिंतीवर गेल्या आणि गरगरत आत आल्या. गाडी गरगरते तेव्हा चाकं थांबतात किंवा उलटी फिरतात. गिअर पडलेला असेल तर चाकांबरोबर इंजिनही बंद पडतं. पिअरसन यांनी गरगरतानाच क्लच दाबून ठेवला, म्हणजे चाकं आणि इंजिन यांचा संबंध तोडला, आणि इंजिन चालू राहिलं. पेटींचं बंद पडलं आणि पुन्हा लागलं नाही. रेषा समोर दिसत होती. पिअरसन चुरडलेल्या गाडीतून सायकलच्या वेगाने तिच्यावरून गेले. पेटी दुसरे आले.

हे दोघं ६३ शर्यतींत पहिले-दुसरे आले : ३३ वेळा पिअरसन पुढे, ३० वेळा पेटी. आपण ज्यांच्याशी लढलो त्यांत सर्वांत चांगला चालक कोण, या प्रश्नाला पेटींनी वर्षानुवर्षं पिअरसन हेच उत्तर दिलं आहे. जवळपास दुप्पट विजय नावावर असलेला माणूस हे म्हणतो. चाहत्यांना पेटींबद्दल वाटणाऱ्या आदराचा मोठा भाग इथे आहे.

प्रश्न : माझ्याकडे पेटींची सही असलेलं कार्ड आहे. सही हाताने केलेली आहे की छापील, हे घरी कसं ओळखू?

उत्तर : आधी सहीकडे नीट पाहा. पेटींची सही लांबलचक, वळणदार आणि मुख्य म्हणजे पूर्ण वाचता येणारी आहे. ‘आर’ आणि ‘पी’ला मोठी गोल वळणं, आणि मधली अक्षरं गिळलेली नसतात. तरुणपणी ग्रीन्सबरोच्या बिझनेस कॉलेजात शिकताना त्यांनी हस्ताक्षराचे धडे घेतले आणि ते वळण त्यांनी सोडलं नाही. रांगेत शेकडो माणसं असतानाही शेवटच्या माणसाला पहिल्याइतकीच पूर्ण सही मिळायची. म्हणून एखादी खरडलेली, दोन फटकाऱ्यांत संपलेली ‘पेटी’ सही समोर आली तर तिथेच शंका घ्यावी.

आता तपासणी. संघ वाटतात ती ८ बाय १० इंची कार्डं, ज्यांना हिरो कार्ड म्हणतात, त्यांवर बऱ्याचदा सही छापलेलीच असते. ती फसवणूक नाही, कार्डाचाच भाग आहे. १० पट भिंग घ्या आणि सहीच्या रेषेत पाहा. रेषा बारीक रंगीत ठिपक्यांची दिसली तर ती छापील. मार्करची शाई सलग दिसते आणि तिची कड किंचित पसरलेली असते. मग कार्ड दिव्याखाली तिरकं धरा : चकचकीत कागदावर काळ्या मार्करच्या शाईला जांभळट-तांबूस झाक येते. छपाईवर कागदाची चमक सगळीकडे सारखी राहते. जिथे एक रेषा दुसरीवरून जाते तिथे खऱ्या सहीत शाई दुप्पट गडद असते.

रबरी शिक्का असेल तर शाई कडांना साचते, मधे फिकट पडते. यंत्राने केलेल्या सहीत दाब आरंभापासून अंतापर्यंत सारखा, दोन्ही टोकांना ठिपका, आणि लांब वळणांत हलकी थरथर. अशा दोन सह्या एकमेकींवर ठेवल्या तर तंतोतंत जुळतात. माणसाच्या दोन सह्या कधीच तशा जुळत नाहीत.

एक गोष्ट लोक हमखास चुकीची समजतात. १९६१च्या कार्यक्रमपत्रिकेवर शार्पी मार्करने सही असेल तर ती त्या काळातली असणार नाही, कारण आज सर्वत्र दिसणारा शार्पी मार्करच १९६४ साली बाजारात आला. पण म्हणून ती खोटीही ठरत नाही. पेटी निवृत्तीनंतरही कित्येक वर्षं जुन्या वस्तूंवर सह्या करत राहिले. तेव्हा विकणारा ‘त्याच दिवशी घेतलेली’ म्हणत असेल तर शंका त्याच्या कथेवर घ्या, सहीची तपासणी वेगळी करा.

प्रश्न : सही फिकी पडू लागली आहे. काय करावं? आणि नवीन सही कशावर, कोणत्या पेनाने घ्यावी?

उत्तर : फिकी पडलेली सही परत आणता येत नाही. वरून गिरवू तर अजिबात नका. पुढची झीज मात्र थांबवता येते.

मार्करची शाई विरघळणाऱ्या रंगाची (डायची) असते आणि ती उजेडाने मरते. खिडकीसमोरच्या भिंतीवर काही वर्षांत काळी सही तपकिरी होते, मग पिवळट. नुसती साधी काच पुरत नाही. अतिनील किरण अडवणारी काच किंवा अॅक्रिलिक घ्या आणि तरीही फ्रेम थेट उन्हात लावू नका. संग्रहालयं अशा वस्तूंवर ५० लक्सच्या आसपास प्रकाश ठेवतात, म्हणजे मंद दिव्याची खोली. मागचा आणि कडेचा पुठ्ठा आम्लरहित असावा. साधा पुठ्ठा कागदाला पिवळा करतो. फोटो आणि काच यांत निदान ३ मिलिमीटर अंतर राहायला हवं, नाहीतर दमट हवेत चकचकीत फोटो काचेला चिकटतो आणि सोडवताना सही काचेवर राहते. दमटपणा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान चांगला.

फ्रेम करायची नसेल तर पिशवी पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची. मऊ, वास येणारी पीव्हीसीची पिशवी नको. तिच्यातलं तेलकट द्रव्य बाहेर येतं आणि शाई पिशवीच्या आतल्या बाजूला उमटते. संग्रहातल्या सह्या सर्वांत जास्त याच कारणाने बिघडतात.

नवीन सहीसाठी : फिक्या, चकचकीत फोटोवर बारीक टोकाचा काळा किंवा निळा मार्कर. गडद पार्श्वभूमीवर चंदेरी पेंट मार्कर. पेंट मार्कर आधी हलवा, रद्दी कागदावर टोक दाबून रंग खाली येऊ द्या, एक रेघ ओढून पाहा, मगच पुढे करा. हे रांगेत उभं असताना करा, टेबलापाशी नाही. न हलवलेल्या मार्करमधून पहिलाच थेंब टपकतो आणि ‘आर’चा गोळा होतो. फोटोवर बोटांचं तेल लागलं असेल तर शाई मधेमधे तुटते, म्हणून कोरड्या सुती कापडाने आधी पुसा. सही झाल्यावर मार्करला दोन मिनिटं आणि पेंट मार्करला पूर्ण एक दिवस द्या. लगेच पिशवीत घालू नका.

टोपीवर घ्यायची असेल तर पुढच्या छज्ज्यावर. टोपीच्या कापडात शाई धाग्यांतून पसरते आणि छज्ज्याचं कापड तुलनेने ताणलेलं असतं. पत्र्याच्या तुकड्यावर, म्हणजे गाडीच्या दाराच्या किंवा बॉनेटच्या भागावर, आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने मेण आणि तेल काढा. तिथे पेंट मार्करच. आणि सही टिकावी म्हणून वरून क्लिअर लॅकर मारण्याचा मोह टाळा : लॅकरमधला द्रावक शाई विरघळवतो आणि सही डोळ्यांसमोर ओघळते. एकदा ओघळली की उपाय नाही.

प्रश्न : १९७२च्या लाल-निळ्या ४३ नंबर गाडीचं १:२५चं प्लॅस्टिक मॉडेल रंगवतोय. निळा जुळत नाही आणि लाल मळकट दिसतो. कुठे चुकतंय?

उत्तर : दोन्ही तक्रारींचं मूळ खालच्या थरात असतं. पण आधी या रंगांविषयी, कारण त्यावरून काम सोपं होतं.

पेटी ब्लू हा निळा ठरवून केलेला नाही. घरी गाडी रंगवायला बसले तेव्हा निळाही पुरेसा नव्हता आणि पांढराही. दोन्ही मिसळले आणि हा आकाशी निघाला. म्हणजे वर्षागणिक छटा थोडी बदलती आहे आणि एकच ‘अचूक’ छटा शोधत बसण्यात अर्थ नाही. १९७२मध्ये एसटीपी हा प्रायोजक आला. त्यांना सबंध गाडी आपल्या झगझगीत लाल रंगात हवी होती. पेटी निळा सोडायला तयार नव्हते. तडजोडीतून दोन रंगांची गाडी आली आणि ती खेळातली सर्वांत ओळखीची गाडी ठरली.

आता कृती. बॉडी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घालून धुवा, पूर्ण सुकवा. साचा सोडवायचं तेल राहिलं तर रंग माशाच्या डोळ्यांसारखे गोल सोडत जातो. प्रायमर पांढराच. राखाडी प्रायमरवर हा आकाशी मरतो आणि लालही मळतो. बहुतेक तुमची चूक हीच आहे. झगझगीत लाल अर्धपारदर्शक असतो, खालचा पांढरा त्यातून परत येतो म्हणून तो झगझगतो. राखाडीवर किंवा निळ्यावर मारला तर विटकरी दिसतो.

निळा मिसळताना पांढऱ्यात निळा घाला, निळ्यात पांढरा नको, नाहीतर पांढरा ओततच राहावं लागतं. समान भाग घेऊ नका, ३ भाग पांढरा, १ भाग मध्यम निळा असं सुरू करा आणि थेंबाथेंबाने वाढवा. फार जांभळट वाटला तर हिरव्याचा एखादा थेंब. प्लॅस्टिकच्या चमच्यावर मारून पूर्ण सुकल्यावरच ठरवा, ओला रंग आणि सुकलेला रंग वेगळे दिसतात. २० मिलिलिटर एकदाच मिसळा. बॉडीला त्याहून कमी लागतो, पण नंतर डाग दुरुस्त करायला नव्याने मिसळलेला रंग जुळत नाही.

तीन पातळ थर द्या, पहिला इतका पातळ की प्रायमर दिसत राहील. दोन थरांत १५ मिनिटं. मग किमान २४ तास हात लावू नका. त्यानंतर निळ्यावर मास्किंग टेप. लाल भागावर आधी पुन्हा पांढरा पातळ थर मारा. त्याचा दुहेरी फायदा : लालाला पांढरं अस्तर मिळतं आणि टेपची कड बंद होते. जे काही टेपखाली शिरायचं ते पांढराच शिरतो, लाल नाही. मग लाल, पुन्हा पातळ थरांत. शेवटचा थर हाताला चिकट लागत असतानाच टेप मागच्या मागे, रंगापासून दूर ओढून काढा. पूर्ण कडक झाल्यावर काढली तर कड करवतीसारखी येते. आधी लाल आणि मग निळा करू नका. लाल पुढे महिन्याभराने निळ्यातून वर गुलाबी झाक देऊ शकतो.

आकड्यांचे डेकल (पाण्यात भिजवून लावायची चित्रं) लावण्याआधी चकचकीत क्लिअरचा एक थर हवाच. खरखरीत पृष्ठभागात हवा अडकते आणि डेकलखाली चंदेरी धुकं दिसतं. कोमट पाण्यात १०–१५ सेकंद, बाहेर काढून मिनिटभर थांबा, आपणहून सरकू लागल्यावर ठेवा. दारावरचा ४३ दाराच्या फटीवर आला तर मऊ करणारं द्रावण लावा, दहा मिनिटांनी फटीत धारदार पात्याने चीर द्या आणि पुन्हा द्रावण. हे द्रावण लागल्यावर डेकल आधी सुरकुततो. घाबरून बोट लावू नका, सुकताना तो स्वतः सपाट होतो.

प्रश्न : खिडकीतल्या जाळीचा पेटींशी काय संबंध?

उत्तर : १९७०ला डार्लिंग्टनमध्ये त्यांची प्लिमथ गाडी भिंतीवर आदळून अनेकदा उलटली. प्रत्येक उलटीला त्यांचा हात आणि डोकं खिडकीबाहेर येताना दिसत होतं. खांद्याला दुखापत होऊन ते वाचले. त्यानंतर चालकाच्या खिडकीला जाळी सक्तीची झाली. पट्ट्यांची विणलेली जाळी, खालची सळई पक्की, वरची खिट्टीची. अपघातानंतर चालक ती खाली पाडतो तो बचाव पथकाला इशारा असतो की मी ठीक आहे. जाळी वर राहिली तर पथक आधी त्या गाडीकडे धावतं.

प्रश्न : १९८३च्या शार्लट शर्यतीत त्यांचं इंजिन नियमापेक्षा मोठं निघालं होतं. मग एवढा आदर कसा?

उत्तर : ती घटना झाली आणि लपवण्यासारखी नाही. मर्यादा ३५८ घनइंचांची, इंजिन जवळपास ३८२चं, शिवाय टायरही चुकीच्या बाजूला बसवलेले. ३५ हजार डॉलरचा दंड आणि १०४ गुण कापले गेले, विजय कायम राहिला. तो त्यांचा १९८ वा. ज्यांना तो मोजायचा नाही त्यांनी १९९ म्हणावं, आम्ही त्यावर वाद घालणार नाही. पण ३५ हंगामांचा माणूस एका दिवसावरून तोलू नये.

प्रश्न : १९८४नंतर ते एकही शर्यत जिंकले नाहीत. तरी १९९२पर्यंत स्टँड त्यांच्यासाठी भरायचे. का?

उत्तर : कारण चाहत्यांशी त्यांचं नातं निकालावर उभं नव्हतं. तिकीट काढणारा माणूस आहे म्हणून आपली गाडी धावते, ही त्यांची साधी भूमिका होती आणि ती त्यांनी वागण्यात उतरवली. शर्यत जिंकली, हरली, गाडी चुरडली, काहीही झालं तरी पिटच्या, म्हणजे गाडीची कामं होतात त्या जागेच्या, भिंतीवर टेकून रांग संपेपर्यंत सह्या करायच्या. पिसांची काउबॉय हॅट, काळा चश्मा आणि हसू. लांबून दिसले तरी ओळखू यावेत असे.

१९९२चा निरोपाचा हंगाम त्यांनी चाहत्यांचे आभार मानण्याचा दौरा म्हणूनच जाहीर केला. त्याच वर्षी त्यांना राष्ट्राध्यक्षांचं स्वातंत्र्यपदक मिळालं. १५ नोव्हेंबरला अटलांटात शेवटची शर्यत. जेफ गॉर्डन त्याच दिवशी पहिल्यांदा धावले. मधल्या अपघातात पेटींच्या गाडीला आग लागली. त्यांना तिथेच थांबता आलं असतं. संघाने गाडी चालण्यापुरती दुरुस्त केली आणि ते शेवटच्या फेऱ्यांना परत ट्रॅकवर आले. निकालात ३५वे. स्टँडमधले लोक त्या फेऱ्यांसाठी उभे राहिले होते.

निवृत्तीनंतरची गोष्ट जास्त अवघड आहे. २०००च्या मे महिन्यात नातू अॅडम न्यू हॅम्पशायरच्या सरावात अपघातात दगावला, वय १९. अॅक्सिलरेटर अडकल्याचा संशय होता आणि त्याच वर्षी स्टिअरिंगवर इंजिन बंद करणारं बटण सक्तीचं झालं. गंभीर आजारी मुलांसाठी शिबिर काढावं हे अॅडमच्या मनात होतं. कुटुंबाने ते २००४मध्ये रँडलमनला उभं केलं : व्हिक्टरी जंक्शन. मुलांना तिथे पैसे पडत नाहीत. चाहत्यांनी वर्षानुवर्षं वर्गणी दिली ती इथे.

प्रश्न : त्यांच्या गाड्या कुठे पाहता येतील?

उत्तर : लेव्हल क्रॉस, नॉर्थ कॅरोलायना. कुटुंबाच्या जुन्या कार्यशाळेच्याच जागेवर पेटी संग्रहालय आहे. तिथून शार्लटचं नॅसकार हॉल ऑफ फेम गाडीने साधारण दीड तासावर. २०१०च्या पहिल्याच पाच मानकऱ्यांत पेटी होते. निघण्याआधी वेळा बघून घ्या.

प्रश्न : कधी एखाद्या कार्यक्रमात समोर आलेच तर कसं वागावं? माझी जीभ अडखळेल.

उत्तर : एकच वस्तू पुढे करा, उघडून, सही हवी त्या जागेवर बोट ठेवून. मार्करचं टोपण काढलेलं असावं. तुमचं नाव घालून हवी असेल तर ते ठळक अक्षरांत चिठ्ठीवर लिहून न्या, गोंगाटात स्पेलिंग सांगू नका. फोटो हवा असेल तर कॅमेरा मागच्या माणसाकडे आधीच द्या. खांद्यावर हात टाकू नका, हस्तांदोलनासाठी त्यांचा हात पुढे आला तर द्या. एक वाक्य घरूनच ठरवून जा, एखाद्या विशिष्ट शर्यतीबद्दल असेल तर उत्तम, कारण त्यावर ते बोलतात. मग बाजूला व्हा आणि सही सुकेपर्यंत वस्तू आडवी धरून ठेवा.